मैनेच्या पोटातली पिल्लं

"पोटात पिल्लं आहेत, सिस्टर," डॉक्टर म्हणाले. मैना टेबलावर उभी होती आणि त्यांचा हात तिच्या पोटाखाली होता.

मी म्हटलं, शक्यच नाही, ती कंपाउंडच्या बाहेर जात नाही. त्यांनी विचारलं, घरात दुसरं कुत्रं आहे का?

"आहे. बंडू. तिचाच पोरगा."

डॉक्टरांनी हळूच तिला टेबलावरून खाली उतरवलं.

मी एएनएम आहे, म्हणजे उपकेंद्रातली नर्स. घर पांढरकवड्याला, नोकरी झरी जामणी तालुक्यात. माझ्या गावांतल्या कोणत्या बाईची पाळी कधी चुकली, कोणाला कितवा महिना लागला, हे मला वही न उघडता सांगता येतं. आणि माझ्याच घरात मैना सात आठवड्यांची गाभण होती, ते मला कळलं नव्हतं. पोट सुटलं तेव्हा मी तिची भाकरी कमी केली होती.

हे लिहिते आहे ते ज्यांच्या घरी आई आणि पिल्लू, किंवा भाऊ-बहीण कुत्री एकत्र वाढत आहेत त्यांच्यासाठी.

बंडू मैनेच्या पहिल्या वेतातला. बाकीची पिल्लं लोकांनी नेली, हा राहिला. माझ्या मिस्टरांचा त्याच्यावर फार जीव. त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, तिथं तो दिवसभर त्यांच्या पायाशी बसतो. तेव्हा जे डॉक्टर होते त्यांनी सांगितलं होतं की दोघांपैकी एकाचं तरी ऑपरेशन करा, नर सात-आठ महिन्यांचा झाला की आई-बहीण पाहत नाही. मिस्टर म्हणाले, त्याला काहून खच्ची करायचं? मग मैनेचं करू, मी म्हटलं, आणि पुढं ढकलत गेले. आधी लसीकरण, मग सर्व्हे, मग कुटुंबकल्याणाचं शिबिर. त्या शिबिरात ऑपरेशनला दरवर्षी बायाच येतात, पुरुष येत नाहीत. ते मी इतकी वर्षं बघते आहे, आणि घरी तेच चाललं होतं ते दिसलं नाही.

कुत्री माजावर येते तेव्हा फरशीवर रक्ताचे थेंब पडतात. ते पडले होते. मी पुसले आणि मिस्टरांना बंडूला मागच्या अंगणात बांधायला सांगितलं. नंतर दोन दिवस मी शिबिरात होते.

डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. याला इनब्रीडिंग म्हणतात, म्हणजे जवळच्या रक्तातली पैदास. त्यात पिल्लं बिघडतातच असं नाही, पुष्कळ धडधाकटही होतात. पण आईकडे एखादा दोष लपलेला असला तर तो पोरातही असू शकतो, आणि दोघांकडून मिळाला की पिल्लात उघडा पडतो. पहिल्या तीन-चार आठवड्यांत आणलं असतं तर स्पे केलं असतं. स्पे म्हणजे गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन. आता पिल्लं मोठी झाली होती, आणि गोचिडांच्या तापानं मैनेच्या अंगातलं रक्त कमी झालं होतं. भूल दिली तर मैनाच हातची जाईल, ते म्हणाले. गर्भ पाडायची सुई किंवा गोळी कोणी आणून दिली तरी देऊ नका, हेही त्यांनी दोनदा बजावलं.

तेव्हा वाट पाहायची, एवढंच हातात राहिलं.

पुढच्या आठवड्यात एक्स-रेसाठी यवतमाळला गेलो. मैना गाडीत माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. पिल्लं किती आहेत ते आधी माहीत असलं, तर आत एखादं अडकलं का ते कळतं, म्हणून हा फोटो. फोटो यायला वेळ होता. आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. मिस्टर बराच वेळ खाली बघत होते.

"मीच सोडलं होतं त्याले," ते म्हणाले. "दोन दिवस रडून राह्यला होता. माय हाय त्याची, म्हटलं, काय होते?"

मी तेव्हा त्यांना धीर द्यायला हवा होता. मी उठले आणि पाणी प्यायला बाहेर गेले. परत आले तर त्यांच्या हातात फोटो होता. तीन पिल्लं. तीन बारीक कणे, मण्यांच्या माळेसारखे.

पिल्लं व्हायच्या आदल्या दिवशी कुत्रीच्या अंगाचं तापमान उतरतं. नेहमी एकशे एकच्या वर असतं, ते नव्याण्णवच्या खाली आलं. मी रजा टाकली. सकाळी अकराच्या सुमारास पहिला नर झाला, चांगला ओरडला. दुसरं पिल्लू मेलेलंच आलं. मैनेनं ते पुष्कळ चाटलं, नाकानं ढकलून पाहिलं. तिसरी मादी, पहिल्याच्या निम्मी.

आमच्याकडे बाळ झालं की त्याच्या तोंडात बोट घालून टाळू तपासतात. हाताला सवय आहे, मी काही विचार न करता बोट घातलं. वर जिथं टाळू लागायला हवी तिथं फट होती.

याला क्लेफ्ट पॅलेट म्हणतात, म्हणजे दुभंगलेली टाळू. दूध ओढता येत नाही, ओढलं तर नाकातून येतं किंवा फुप्फुसात जातं. माझ्या एका गावातली मुलगी अशीच जन्मली होती. मी तिला ऑपरेशनला पाठवलं, आता ती शाळेत जाते, कविता म्हणून दाखवते. म्हणून मला आशा होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन होतं, पण तीन-चार महिन्यांची झाल्यावर. तोवर नळीनं जगवावं लागेल, दर दोन-तीन तासांनी, आणि बहुतेक पिल्लं तोवर टिकत नाहीत. हे इनब्रीडिंगमुळेच झालं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, नक्की सांगता येत नाही, एरवीही होतं. तेवढ्यानं मला काही बरं वाटलं नाही.

पाच दिवस मी नळीनं दूध घातलं. ती माझ्या तळहातात मावायची. तरी कधी तरी ती आईला लुचायचीच. मग नाकातून दूध यायचं आणि मैना ते चाटून साफ करायची. मिस्टर दुकान बंद करून दुपारी घरी यायचे आणि पाण्याची गरम बाटली बदलायचे. शेजारच्या काकू पाहायला आल्या आणि म्हणाल्या, असं पाप घरात ठेवू नये, नेऊन सोडा सगळ्यांना. मी त्यांना चहा दिला आणि सांगितलं की जनावराला नातं माहीत नसतं, पाप असलंच तर आमचं आहे.

सहाव्या दिवशी तिच्या श्वासातून घरघर येऊ लागली. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून ऐकलं. न्यूमोनिया, म्हणजे फुप्फुसात दूध जाऊन झालेला संसर्ग.

"सिस्टर, तुम्ही सगळं केलं," ते म्हणाले. "आता ही फक्त श्वासासाठी झगडते आहे. थांबवू या."

युथेनेशिया म्हणजे दयामरण. भूल देऊन दुखू न देता जीव थांबवतात. मी इतकी बाळंतपणं केली आहेत, पण 'हो' म्हणायला मला फार वेळ लागला. मिस्टरांनी तिला हातरुमालात धरलं होतं. त्यांचा अंगठा तिच्या डोक्यावरून फिरत होता, आणि डॉक्टर "झालं" म्हणाले तरी फिरत राहिला.

घरी आलो तर मैनेनं रुमाल हुंगला. मग दोन दिवस ती घरातला कपडा न् कपडा हुंगत होती.

राहिलेला नर जगला. वाढ सावकाश आहे, उन्हात डोळे मिचकावतो. त्याला आम्ही कोणाला देणार नाही, वय झालं की त्याचंही ऑपरेशन करू. बंडूला मिस्टर स्वतःच ऑपरेशनला घेऊन गेले. मला संध्याकाळी आल्यावर कळलं. पिल्लाचं दूध सुटलं, मैनेचं रक्त भरलं, मग तिचं स्पे झालं.

तुमच्या घरी अशी जोडी असेल तर दार लावून, साखळी बांधून भागत नाही. माजाच्या तीन आठवड्यांसाठी एकाला दुसऱ्या घरी ठेवा. चूक झालीच तर लाजू नका, त्याच आठवड्यात दवाखान्यात जा. आमचे डॉक्टर मला एकदाही टोचून बोलले नाहीत. त्यांचे उपकार मानायला गेले तर ते पुढच्या बैलाकडे वळले होते.

मैनेचे टाके काढून तिला घरी आणलं त्या दिवशी मिस्टर व्हरांड्यात बसले होते. मैना त्यांच्याजवळ गेली आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली.

"हिले काहीच माहीत नाही," ते म्हणाले, "मी काय केलं ते."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"तुम्ही एकट्यानं नाही," मी म्हटलं. "दोघायनं केलं."