पिशवीतले फ्यूज

दुपारी वीज गेली, म्हणून गॅलरीत येऊन बसलो. समोरच्या खांबावरची तार जोडायला एक वायरमन बाई आली होती. तिने कोपऱ्यावरच्या डीपीतले तिन्ही फ्यूज काढले, खांद्यावरच्या पिशवीत टाकले आणि खांबाला शिडी लावली.

तळमजल्यावरचे अण्णा उकाड्याने वैतागले होते. "अहो ताई, फ्यूज कशाला वर नेता? मी उभा आहे ना राखणीला!"

"काका, घरातून चहाची हाक आली की तुम्ही जाल," ती चढता चढता म्हणाली. "पिशवीतले फ्यूज कुठे जात नाहीत."

मी गिरणीच्या वीजखात्यात आयुष्य काढले. असा अविश्वास मला तेव्हा अपमानास्पद वाटे. एकदा दत्तू या माझ्या जोडीदाराला मी खालून सांगितले, "बंद केलंय, घाल हात." मी बंद केला होता तो शेजारचा स्विच. दत्तू वाचला, उजव्या हाताची दोन बोटे गेली. "चूक कुणाची होत नाही?" एवढेच तो म्हणाला. ती क्षमा वाहून मी आता थकलो आहे.

तारेला हात लावणाऱ्याचा जीव कुणाच्या शब्दावर टांगलेला नसावा, मग तो शब्द कितीही भल्या माणसाचा असो.

"झालं का हो?" अण्णा पुन्हा ओरडले. ती तार आवळत राहिली. तिचे दोन्ही पाय जमिनीला लागेपर्यंत मी जागचा उठलो नाही.