झुलीखालची पाठ

आज भाषांतर करताना ‘ट्रॅपिंग्ज’ हा शब्द आडवा आला. बाहेरचा थाटमाट, डौल, अशा अर्थाने इंग्रजीत तो सर्रास येतो. मला आपलं वाटायचं, सापळ्याशी याचं काहीतरी नातं असणार. कोश उघडला तर तसं काही नाही. कापडाच्या एका जुन्या फ्रेंच शब्दावरून तो आला, आणि आधी त्याचा अर्थ होता घोड्याच्या पाठीवरचं शोभेचं वस्त्र. म्हणजे झूल. माणसांच्या थाटाला तो नंतर चिकटला. कोश मिटला, काम तिथंच राहिलं.

आमचे अप्पा चिकपेटच्या एका बोळात झुली शिवत. लाल मखमल, जरीचे काठ, गोंडे. वरातीचा घोडा घेऊन कुणी बोळाच्या तोंडाशी आला, की अप्पा टेप नंतर काढत. आधी जुनी झूल उचलून घोड्याच्या पाठीवरून सावकाश तळहात फिरवत. घोडा शहारला, हाताला पाठीवरची जखम जाणवली, की माप घेत नसत.

“स्वल्प थांब अण्णा. पाठ बरी होऊ दे, मग ये.”

घोडेवाले चिडत, आई कपाळाला हात लावी. अप्पा कुणाला बधत नसत.

अशा माणसाने माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं लग्न ठरवलं. मुलगा पुण्याहून इथं नोकरीला आलेला, आयटीतला. बेळ्ळंदूरच्या घाण तळ्याकाठी उंचावर फ्लॅट, तळ्याचा वास येऊ नये म्हणून सगळ्या काचा बंद. आम्ही बघायला गेलो तेव्हा अप्पांना त्या सोफ्यावर धड टेकवेना. चौकशी कसली करताय, घर बघूनच आमची तोंडं बंद झाली होती. ‘दिसतं तसं नसतं’ हे उठता-बसता म्हणणारी माणसं आम्ही. मला अजून राग येतो, आम्हा सगळ्यांचाच.

परतताना ऑटोत अक्का म्हणाली, “अप्पा, तो खोलीत आला की त्याची आई बोलता बोलता गप्प होते. बघितलंत?”

“सरी, बरं, मोठ्या घरची रीत असेल,” अप्पा म्हणाले.

वरातीच्या घोड्यावर अप्पांनी हौसेने शिवलेली नवी झूल होती. तिच्याइतकी देखणी त्यांनी पुन्हा शिवली नाही.

वर्ष व्हायच्या आत एका दुपारी अक्का दुकानासमोर ऑटोतून उतरली. अंगावर भारी जरीची साडी, आणि एवढ्या उन्हात पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला. अप्पा मशीन थांबवून उठले, तिला जवळ घेतलं आणि पाठीवरून हात फिरवला.

अक्का शहारली.

अप्पांचा हात तसाच राहिला. मग ते हळूच म्हणाले, “झूल उचलल्याशिवाय मी कधी टेप काढला नाही, पोरी. तुझ्या वेळी नुसती झूलच बघत बसलो.”