आजचा अंगठा किती?

तळ्याच्या दरवाजांवर तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या त्या माणसाला सगळे मोजणीकाका म्हणत. पाणी सोडणं-अडवणं हे त्यांचं पोटापाण्याचं काम. पण नाव पडलं ते दर हिवाळ्यातल्या पक्षिगणनेमुळे. हे काम बिनपगारी आणि कडाक्याच्या थंडीतलं, त्यामुळे दुसरं कुणी त्यात वाटेकरी व्हायला आलं नाही. आली ती फक्त काकू. हे मोजायचे, ती वहीत लिहायची.

काकांची मोजायची रीत त्यांची स्वतःची होती. हजारभर बदकं एकेक करून कोण मोजणार? काका हात ताठ पुढे करत, एक डोळा मिटत आणि पलीकडच्या काठावरचा थवा अंगठ्याने झाकत. अंगठ्याआड लपतील ती पन्नास. मग अंगठा पुढे सरकवायचा. असे वीस अंगठे झाले की हजार.

काकूचा या अंगठ्यावर काडीचाही विश्वास नव्हता. भाताचं एक शीत दाबून बघितल्याखेरीज गॅस बंद न करणारी बाई ती! दर वर्षी मोजणी सुरू व्हायच्या आधी ती विचारायची, "आजचा अंगठा किती?" मग काका कुरकुरत दुर्बीण लावून एका अंगठ्यामागची बदकं एकेक करून मोजत. सत्तेचाळीस. कधी बावन्न. ती तो आकडा समासात लिहायची आणि मगच म्हणायची, "हं, आता चालू दे तुमचं."

काकूला जाऊन सहा वर्षं झाली. काका आता एकटेच मोजत आणि एकटेच लिहीत. घरात दोन खुर्च्या होत्या. दुसरीवर धुतलेले, घडी न केलेले कपडे असत. मुलीचा फोन रविवारी यायचा. बाकीचे सहा दिवस काका रेडिओलाच "बरं" म्हणायचे.

यंदाच्या मोजणीला मात्र वजन होतं. पलीकडचा काठ भराव टाकून बुजवायचं घाटत होतं. पक्षी कार्यालयातल्या मॅडमनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "काका, लाल डोक्याची बदकं पाचशेच्या खाली असतील, तर ती 'धोक्यात'च्या रकान्यात जातील आणि भराव थांबेल. वर असतील, तर आमचे हात बांधलेले. आकडा तेवढा चोख द्या."

काकांनी नेहमीसारखा हात ताठ केला. बारा अंगठे. सहाशे. गेल्या साली साडेसहाशे होती, म्हणजे फार फरक नाही. त्यांनी लिहिलं.

"सहाशे?" जाळं सोडवत बसलेला होडीवाला वहीत डोकावला. "काका, मी आत्ताच तिकडून आलो. एवढी असती तर उडताना माझी टोपी उडाली असती!"

"तू मासे मोज. बदकं माझ्याकडे."

"मोजतोच की. पण एकेक उचलून मोजतो."

काका तोऱ्यात हसले आणि त्याला गप्प करायला म्हणून त्यांनी दुर्बीण लावली. एक अंगठा धरला आणि मोजू लागले. एकोणीस. चुकलं असेल म्हणून दुसरा धरला. सतरा. तिसरा, एकवीस.

त्यांनी दुर्बीण खाली घेतली. पूर्वी थवा दाटीवाटीने बसायचा, अंगाला अंग लावून. आता पाणी उथळ झालं, बदकं चाऱ्यासाठी विखरून बसू लागली. अंगठा तोच होता, त्याच्यामागची बदकं तेवढी आटली होती. काकू गेल्यापासून त्यांनी एकदाही अंगठा तपासला नव्हता. विचारणारं कुणी नव्हतं, आणि त्यांनी पन्नास धरून चालवलं होतं.

त्या दिवशी त्यांनी एकेक करून सगळी मोजली. दोनदा. एकदा दोनशे अठ्ठावीस, एकदा दोनशे एकतीस. दुपार झाली, बोटं बधिर झाली, होडीवाला कधीच निघून गेला होता.

घरी येऊन त्यांनी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. नुसता यंदाचा आकडा दिला असता तर त्यांच्या चुकीचा कुणाला पत्ताही लागला नसता. पण साडेसहाशेवरून एकदम दोनशे एकतीस? भराववाले म्हणाले असते, मोजणाराच आंधळा आहे. झालं ते सगळं सांगणं भाग होतं. त्यांनी पुन्हा फोन उचलला.

मॅडमनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे सहा वर्षांचे आकडे बाद."

"बाद करा. त्याच्या आधीचे धरा. त्यांच्या समासात दर वर्षी अंगठा तपासल्याचं लिहिलंय. ते खोटं नाही."

"काका, नियमाप्रमाणे पुढच्या वर्षी मग दुसऱ्यांना पाठवावं लागेल. तुमच्यावर राग नाही, पण..."

"नाही, नाही. बरोबरच आहे तुमचं."

वह्या न्यायला गाडी आली. काकूच्या अक्षरातल्या सगळ्या गेल्या. शिपायाने पोच दिली, ती काकांनी चष्म्याच्या डबीत ठेवली.

पावसाळ्याच्या आधी कागद निघाला. लाल डोक्याचं बदक 'धोक्यात'च्या रकान्यात गेलं, भरावाचे ट्रक परत फिरले. होडीवाल्याने ही बातमी ओरडतच आणली. "जिंकलो की काका!" काकांनी त्याला चहा केला. पाण्यात पाय सोडून बसणाऱ्या त्या माणसाला बसायला म्हणून त्यांना खुर्चीवरचे कपडे उचलावे लागले.

पुढच्या हिवाळ्यात दोन तरुण मुली आल्या. तिपाईवर मोठी दुर्बीण, हातात मोजणीयंत्र. काका स्वेटर चढवून काठावर गेले आणि त्यांच्या मागे, सावली पडणार नाही अशा बेताने उभे राहिले. मुली एकेक मोजत होत्या. काका आपली जुनी दुर्बीण लावून मनातल्या मनात मोजत होते. त्यांचे दोनशे चव्वेचाळीस झाले, त्या दोनशे चाळीसवर थांबल्या. झुडपाआडची चार सुटली होती. काकांनी घसा खाकरला.

एकीने वळून पाहिलं आणि गोड हसून विचारलं, "आजोबा, पक्षी बघायला आलात?"

"त्या झुडपाआड बघा," काका म्हणाले. "अजून चार आहेत."

तिने दुर्बीण वळवली. "अय्या, खरंच की!" तिने यंत्र चारदा दाबलं, आकडा लिहिला, आणि दोघी सामान उचलून पुढच्या काठाकडे चालू लागल्या. नाव विचारायचं काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. काका थोडा वेळ तिथेच उभे राहिले, मग घराकडे वळले.