एकास तीनशेवीस

माझं रक्त एके काळी लालबागमध्ये प्रसिद्ध होतं.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ भरात होती आणि मी टायफॉइडने आडवा होतो. परळला तपासायला दिलेल्या रक्ताचा निकाल आणायला बाबा गेले. तिथल्या माणसाने त्यांना नीट समजावलं. तापाशी लढणारं काहीतरी रक्तात तयार होतं. रक्तातलं पाणी पातळ करत जायचं आणि ते कुठवर लढतं ते बघायचं. तुमच्या मुलाचं तीनशेवीस पट पातळ केलं तरी लढतंय. एकास तीनशेवीस!

बाबा गिरणीत साच्यावर. अर्धं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलेलं. त्यांनी दोनच गोष्टी ऐकल्या : लढतंय, आणि एकास तीनशेवीस.

चाळीच्या जिन्यातच त्यांनी जाहीर केलं, "माझो झील एकटो तीनशेवीसांक भारी. डाक्तरान लिवन दिल्यान."

"मगे ह्येका उठान बसाक कित्याक जमणा नाय?" मला पेज भरवता भरवता आईने विचारलं.

तोवर उशीर झाला होता. माणसं मला बघायला येऊ लागली. सत्याग्रहाच्या तुकडीत माझं नाव सगळ्यात वर लागलं. आकडा मोठा म्हणजे आजार जोरात, हे मला कळत होतं. पण बाबा गॅलरीतून छाती काढून चालत होते, आणि लोक मोसंबी आणत होते. (मोसंबी गोड होती.) मी गप्प बसलो.

ताप उतरला. पुढे पुन्हा रक्त तपासलं, तर एकास चाळीस. तपासणारा खूश, बाबा खचलेले. ते आईवरच घसरले, "तुझ्या पेजेनच पातळ झाला तेचा रगात."

तरी चाळीस म्हणजे काही कमी नव्हे, असं ठरवून त्यांनी माझ्या गळ्यात हार घातला आणि मला सत्याग्रहाला पुढे काढलं.

आजही सत्कारात मला 'शेकडो पोलिसांना भिडलेला' म्हणतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. मला पकडायला एकच हवालदार आला होता, तोही वयस्कर. माझे पाय इतके लटपटत होते की त्यानेच मला बखोटीला धरून गाडीत चढवलं आणि पाणी पाजलं.

सुटून आल्यावर बाबांना मी हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग गॅलरीत जाऊन अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणाले,

"एकच इलो. उरलेले एकोणचाळीस भियान इलेच नाय."