इस्त्रीवहिनींचा हरवलेला तीळ

आमच्या फोटो स्टुडिओत माणूस एका चेहऱ्याने येतो आणि दुसऱ्या चेहऱ्याने जातो. ही करामत दादाच्या कॅमेऱ्याची नाही, हे दादा सोडून सगळ्यांना माहीत आहे. पडद्यामागे, जेमतेम एक खुर्ची मावेल एवढ्या जागेत, कॉम्प्युटरपुढे त्याची बायको बसते. म्हणजे माझ्या वहिनी. लोकांचे डाग, पुरळ, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरच्या आठ्या, सगळं त्या माऊसच्या टोकाने सपाट करतात. म्हणून त्यांचं नाव इस्त्रीवहिनी. गिऱ्हाईक दारातूनच विचारतं, "इस्त्री आहे ना आज? नाहीतर उद्या येतो."

माझ्याकडे दिवे, स्टूल आणि तीन वाक्यं. हनुवटी खाली. अजून खाली. एवढी नको.

तर पाचवा महिना लागला आणि या इस्त्रीवहिनींच्याच चेहऱ्यावर मुरुमं आली. हनुवटीवर, गालांवर, जबड्याच्या कडेने रांग लावून. शाळेत असतानासुद्धा आली नव्हती एवढी. बाकी तब्येत ठणठणीत. पोटातलं बाळ लाथा मारत होतं, वहिनी चार वेळा जेवत होत्या आणि दादाला पाच वेळा झापत होत्या. पण आरसा समोर आला की त्यांचा मूड गेलाच. आणि फोटो स्टुडिओत आरसे किती असतात ते मोजून बघा कधी.

सल्ले फुकट मिळत होते. शेजारच्या शिंपीणकाकू म्हणाल्या, लिंबू चोळ. चष्म्याच्या दुकानातले काका म्हणाले, टूथपेस्ट लाव. वहिनींनी दोघांनाही हसून वाटेला लावलं. पण एक दिवस कॉलेजची एक मुलगी फोटो घ्यायला आली, वहिनींकडे निरखून बघत राहिली आणि अगदी निरागसपणे म्हणाली, "काकू, तुमच्याकडे एवढं सॉफ्टवेअर असून?"

काकू! वहिनींनी तिचा फोटो दिला, पाकीट दिलं, हसल्या. ती गेल्यावर खण उघडला.

त्या खणात जुनी मेमरी कार्डं, बोथट कात्री आणि या सगळ्याखाली एक अर्धी वापरलेली ट्यूब होती. लग्नाआधी एका डॉक्टरांनी दिलेली. "हिने तीन आठवड्यांत चेहरा काचेसारखा केला होता, भाऊजी," वहिनी ट्यूबकडे माहेरच्या माणसाकडे बघावं तशा बघत म्हणाल्या.

"आणि डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या?" मी आठवण करून दिली.

प्रसूतीच्या डॉक्टरीणबाईंनी मागच्या तपासणीतच बजावलं होतं. चेहऱ्याला लावलेलं चेहऱ्यापुरतंच राहतं असं समजू नका, काही औषधं गरोदरपणात चालत नाहीत, त्वचेच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरातलं जुनं काहीही लावायचं नाही. त्वचेचे डॉक्टर आमच्याकडे फक्त गुरुवारी येतात आणि त्यांचे पुढचे चार गुरुवार भरलेले होते. पण फोनवर फोटो पाठवला तर बघून उत्तर देतात, असं कळलं.

"फोटो!" दादा खूश झाला. "अगं, त्यात काय! आपलं घरचंच काम."

इथेच सगळा घोळ झाला.

दादाने फोटो काढला तो मन लावून. दोन दिवे, एक पांढरी छत्री, पाच कोनांतून. त्याच दिवशी शाळेच्या ओळखपत्रांचं कामही आलं होतं, एक्केचाळीस पोरं. सगळे फोटो, बाकीच्या गिऱ्हाइकांसकट, एकाच फोल्डरमध्ये पडले. वहिनी बसल्या कामाला. आता वहिनींची पद्धत अशी की त्या चेहरा तीनशे टक्के मोठा करून बघतात. एवढा मोठा केला की तो कोणाचा चेहरा राहतच नाही, नुसता चामडीचा प्रदेश होतो. डाग दिसला, टिचकी. डाग दिसला, टिचकी. तोंडाने फोनवर आईशी बोलणं चालू. संध्याकाळपर्यंत सगळं फोल्डर चकाचक. त्यातला समोरून काढलेला फोटो दादाने न निरखताच डॉक्टरांना पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. "चेहरा अगदी स्वच्छ आहे. औषधाची काही गरज दिसत नाही. काळजी नसावी."

वहिनींनी ते तीनदा वाचलं. मग मला मोठ्याने वाचायला लावलं.

"स्वच्छ? स्वच्छ! हे डॉक्टर आहेत की कोण आहेत? एकीकडे शेंबडं पोरसुद्धा टोमणे मारतंय आणि हे म्हणतायत काळजी नसावी!"

"असतील बिचारे घाईत," दादा म्हणाला.

"मग मीही घाईत आहे," वहिनी म्हणाल्या. त्यांनी खण उघडला, ट्यूब काढली, टोपण फिरवलं. "त्यांना काही दिसतच नाही ना? मग मी काय लावते तेही दिसणार नाही. माझं मी बघते."

दादाने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला तीन वर्षं झाली की नवरे असं भावाकडे बघायला लागतात. वहिनींच्या बोटावर वाटाण्याएवढी पांढरी क्रीम आली होती. त्या आरशाकडे वळल्या. उशीर करायला काहीतरी हवं म्हणून मी दादाचा फोन उचलला आणि पाठवलेला फोटो उघडला. म्हटलं, डॉक्टरांना नक्की दिसलं तरी काय ते बघू.

दिसल्या त्या एकदम नटीसारख्या वहिनी. गुळगुळीत. आणि काहीतरी चुकत होतं.

"वहिनी," मी म्हटलं, "तुमचा तीळ कुठे गेला?"

"कसला तीळ?"

"ओठाच्या बाजूचा. दादा ज्याच्यावर भाळला तो."

बोट गालापासून दोन इंचांवर थांबलं. वहिनी फोनकडे बघत राहिल्या. मग आरशात बघितलं. आरशात तीळ होता, मुरुमंही होती. फोनमध्ये दोन्ही नव्हतं.

"मीच..." त्या म्हणाल्या. "अरे देवा. मला आठवतंय हा गाल. मी मनात म्हटलं पण होतं, या बाईने काय हाल करून घेतलेत चेहऱ्याचे!"

आणि त्या हसायला लागल्या. आधी हळू, मग पोट धरून, मग भिंत धरून. दादा घाबरून "अगं हळू, बाळ, बाळ" करत खुर्ची घेऊन धावला. बोटावरची क्रीम त्याच्याच शर्टाला पुसली गेली, हे बरंच झालं.

मग मी फोटो काढला. दिवा नाही, छत्री नाही, खिडकीच्या उजेडात. सोबत ट्यूबचाही काढला, नाव वाचता येईल असा. आणि कॉम्प्युटरजवळ न नेता तसाच पाठवला. खाली वहिनींनी लिहिलं, "माफ करा. पहिल्या फोटोतली बाई मी नव्हे."

डॉक्टरांचा फोनच आला. ते हसत होते, पण ट्यूबवर येताच गंभीर झाले. "ही लावली का?"

"बोटापर्यंत आली होती," वहिनी म्हणाल्या.

"तिथेच राहू द्या. यातलं औषध गरोदरपणात आम्ही टाळतो. चुकून एक-दोनदा लागलं असतं तरी घाबरायचं कारण नव्हतं, पण मुद्दाम लावायचं नाही. आणि मुरुमांवर पोटात घ्यायच्या काही गोळ्या असतात, त्यांनी तर बाळाला खरोखर इजा होते. कोणी मैत्रिणीने दिल्या तरी हात लावू नका."

"मग मी करू काय?"

"दिवसातून दोनदा साध्या, सौम्य फेसवॉशने तोंड धुवा. घासायचं नाही. तेलकट नसलेलं मॉइश्चरायझर लावा. अझेलिक अॅसिडची क्रीम लिहून देतो, ती या दिवसांत चालते. तुमच्या डॉक्टरीणबाईंशी मी बोलून घेतो. फोडायचं नाही, टोचायचं नाही. सवड द्या. बाळंतपणानंतर बऱ्याचदा आपोआप बसतं."

"आणि दर महिन्याला एक फोटो पाठवा," ते फोन ठेवताना म्हणाले. "खरा."

तसं चाललं मग. दर महिन्याला खिडकीपाशी मी फोटो काढायचो आणि वहिनी हात मागे बांधून उभ्या राहायच्या, माऊसला हात लागू नये म्हणून. मुरुमं गेली नाहीत, कमी झाली. "पाठव जशी आहे तशी," असं म्हणण्यापर्यंत त्यांची प्रगती झाली. एवढ्या वर्षांत हे वाक्य त्या खोलीत कोणी ऐकलं नव्हतं.

मुलगी झाली. ती तीन आठवड्यांची असताना दादाने तिचा पहिला नीट फोटो काढला, दोन दिवे, पांढरी छत्री, सगळा थाट. फोटो वहिनींपुढे आला. त्यांनी सवयीने तीनशे टक्के मोठा केला. बाळाच्या गालांवर बारीक बारीक लाल पुटकुळ्या.

"अगं बाई," वहिनी म्हणाल्या. "हिलाही?"

आम्ही लगेच तपासणीत विचारून घेतलं. लहान बाळांना येतात अशा, काही लावू नका, आपोआप जातील, असं सांगितलं. तरी फोटो स्क्रीनवर तसाच उघडा होता आणि वहिनींचा हात माऊसवर. एक टिचकी, दोन टिचक्या, काम संपलं असतं. दादा आणि मी मागे उभे.

वहिनींनी फोटो लहान केला. सगळं बाळ दिसायला लागलं, मुठी, नाक, गालावरच्या पुटकुळ्या.

"छापा," त्या म्हणाल्या. "आणि भाऊजी, मोठा छापा. दर्शनी काचेत लावायचाय."

आता गिऱ्हाईकं आत येण्याआधी काचेपाशी थांबतात, फोटो बघतात आणि विचारतात, "हिला इस्त्री नाही केली?"

"आमच्याकडे घरचं काम नेहमीच मागे राहतं," मी सांगतो.