नेडीनची ब्लॅकबेरीची जागा

आमच्या ओरेगनच्या डोंगरात लोक घरातली भांडणं सांगतील, ऑपरेशनचे टाके सदरा वर करून दाखवतील, पण इथली मूळची छोटी ब्लॅकबेरी कुठं तोडतात ते मेले सांगणार नाहीत. सख्ख्या नवऱ्यालाही नाही. नेडीन त्यातलीच, आणि पक्की. जुलैच्या दुपारी नवऱ्याच्या, म्हणजे व्हर्लिनच्या, देखत डबा घेऊन डोंगर चढायची, दिवेलागणीला डबा भरून उतरायची. त्यानं विचारलं की म्हणायची, "जॅम खा आणि गप्प बस." यंदा मार्चमध्ये ती वारली. जागा कुणालाच सांगून गेली नाही.

व्हर्लिन माझा शेजारी. वय ऐंशीच्या घरात, स्वभाव खडूस. पूर्वी फाटकाशी गाडी थांबली की वसकन अंगावर जायचा. आता वाट चुकलेल्यालाही कॉफी विचारतो. त्याला बघून मला वाईट वाटायचं, पण बोलून दाखवायची सोय नाही. कीव केलेली त्याला खपत नाही.

त्यात डोंगर सगळा मोठ्या ब्लॅकबेरीनं गिळलेला. तिला इथं हिमालयन म्हणतात. बिचाऱ्या हिमालयाचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. कुणीतरी हौसेनं बाहेरून आणून लावली आणि आमच्या उरावर बसवली. वेल वाकून जमिनीला टेकली की तिथं मूळ धरते, की पुढं निघाली. व्हर्लिनच्या मुलाला जमीन विकायची होती, म्हणून त्यानं वेली खाऊन डोंगर साफ करायला माझ्या शेळ्या बोलावल्या. मी शेळ्या घेऊन गेले, तर म्हातारा फाटकात आडवा. हात कोपरापर्यंत ओरबाडलेले, हातात फांद्या छाटायची कात्री.

"लोर्ना, आज नको," तो म्हणाला. "तिची जागा सापडू दे आधी. तुझ्या शेळ्यांना मोठी कुठली, छोटी कुठली, काय कळणार?"

"आणि तुम्हाला कळतं?"

"मला जॅम कळतो," तो म्हणाला. मग कात्री मिटत, "एकच बरणी राहिलीये. उघडवत नाही."

मग मी शेळ्या कुंपणात बांधल्या आणि त्याच्यासोबत डोंगर चढले. मोठीची खूण सोपी. वेल अंगठ्याएवढी जाड, तिला कंगोरे, एका देठाला पाच पानं, पान उलटलं की खालून पांढुरकं. छोटी बारीक, गोल, वेलीवर निळसर राख फासल्यासारखी, पानं तीन-तीन, जमिनीलगत सरपटते. म्हातारा गुडघ्यांवर बसून एकेक पान उलटत होता. दुपार कलताना त्याला एका जुन्या बुंध्यापाशी तीन पानांची वेल सापडली. चांगलं मोठं जाळं.

"हीच," तो म्हणाला.

मी वेल उचलून पाहिली. फुलांचे सुकलेले देठ भरपूर, फळ एकही नाही. आजूबाजूला शोधलं, तिथंही तसंच. सांगू नये असं फार वाटलं.

"व्हर्लिन, छोटीत नर-मादी वेगळी असते. हे सगळे नर आहेत. फुलतात, पण फळ धरत नाहीत. नेडीननं इथून काही नेलेलं नाही."

तो बुंध्यावर बसला. कात्री खाली टाकली. मग म्हणाला, "उद्या सोड तुझ्या शेळ्या. मी हरलो."

खाली आलो तर एक शेळी दावं तोडून गायब. मी तिला शिव्या घालत शोधायला लागले. व्हर्लिनच्या घराला लागूनच लाकडाची शेड आहे. शेडच्या मागं हिमालयनची उंच भिंत, तिकडं कुणी फिरकत नाही. बया त्या काट्यांतून खात खात आत घुसली होती. मी मागोमाग शिरले आणि थबकले. काटे आणि शेडची भिंत यांच्यामध्ये माणूस मावेल एवढी बोळकंडी. जमिनीवर तीन-तीन पानं, पिकलेली काळीभोर छोटी फळं. ओढ्याकडून आत यायला झिजलेली वाट. भिंतीला टेकवलेलं धार काढायचं बुटकं स्टूल, खिळ्याला बोटं कापलेले नेडीनचे हातमोजे.

मी व्हर्लिनला हाक मारली. त्यानं हातमोजे पाहिले, एक फळ तोंडात टाकलं आणि भिंतीला हात लावून उभा राहिला.

"म्हणजे डोंगर चढल्याचं दाखवून, ओढ्याकडून वळसा घालून इथं यायची," मी म्हणाले. "जबरी बाई होती."

त्यानं ऐकलंच नाही. भिंतीच्या फळ्यांत बोट जाईल एवढ्या फटी होत्या. तो त्या फटींवरून बोट फिरवत होता.

"ती डबा घेऊन गेली की मी शेडमध्ये लाकडं फोडायचो," तो म्हणाला. "कुत्र्याशी बोलायचो."

"काय बोलायचात?"

"हेच. एकटी डोंगरात गेलीये, पडली-बिडली तर मी काय करू. तिच्याशिवाय माझा एक दिवस निघायचा नाही. असलंच काहीबाही." त्याचे डोळे भरले. "तिच्या तोंडावर कधी नाही बोललो. आली की उशीर झाला म्हणून खेकसायचो."

मी शेळीचं दावं धरून उभी. मग तो त्या बुटक्या स्टुलावर बसला, भिंतीला कान लावला.

"लोर्ना, शेडमध्ये जा. लाकडं फोडायच्या ओंडक्यापाशी उभी राहा आणि काहीतरी बोल. मोठ्यानं नको. कुत्र्याशी बोलतात तसं."

मी शेळी बांधली आणि वळसा घालून शेडमध्ये गेले. आत लाकडाचा वास, थोडा अंधार. ओंडक्यापाशी उभी राहिले, पण मेलं काही सुचेना.

"आता काय बोलू मी?" मी हळूच स्वतःशीच म्हणाले.

भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला, "ऐकू येतंय."