लाडवांचा डबा

मल्लेश्वरमच्या प्रमिला हुद्दारची उंची पाच फूट दहा इंच. बास्केटबॉलच्या मैदानावर ती कौतुकाची, लग्नाच्या बाजारात संकट. १९६१ साली पाहुणे बघायला आले, तेव्हा वडिलांनी बजावलं, "लग्न जमलं की खेळ बंद. आणि ते जाईपर्यंत उठायचं नाही!"

प्रमिला मान खाली घालून बसून राहिली. सगळं जमत आलं. आनंदाच्या भरात आई रोजच्या सवयीने म्हणाली, "प्रमिले, वरच्या फळीवरचा लाडवांचा डबा काढ गं."

प्रमिलाने उठून, टाच न उचलता डबा काढला. मुलाने लाडू खाल्ला तो मान वर करूनच.

स्थळ गेलं. प्रमिला पुढे नऊ वर्षं म्हैसूर राज्याकडून खेळली, खेळावरच कारखान्यात नोकरीला लागली. आई जन्मभर त्या डब्याला दोष देत राहिली. खालच्या फळीवर मात्र तिने तो कधी ठेवला नाही.